माप की मवाळपणा?
‘मॉडरेशन’ ह्या शब्दाचे अर्थ आणि त्याचे आपल्या भाषांतील सोबती

(मठाच्या वर्धापनदिनानिमित्त कोसाड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मंगल दिवशी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा ह्याचा निर्णय खरे पाहता मी केलेला नाही. तो एका तरुणाने केला. मागे एकदा ह्याच सभामंडपात मिताचरणावर प्रवचन झाले. प्रवचन संपल्यावर मागच्या रांगेत बसलेला एक तरुण माझ्याजवळ आला. तो यंत्रमागावर रात्रपाळी करणारा होता, आणि त्याच्या डोळ्यांत झोप होती. तो म्हणाला, “काका, इंग्रजीत ज्याला मॉडरेशन म्हणतात तेच आज सांगितले ना? मग एक विचारू का? ज्याच्या ताटात जास्त कधी पडलेच नाही, त्याला कमी खा म्हणून सांगण्यात काय अर्थ आहे? आणि मॉडरेट म्हणजे शेवटी मवाळच ना? म्हणजे जो भांडत नाही तो!” त्या वेळी मी काहीतरी बोलून वेळ निभावून नेली, परंतु त्याचे प्रश्न माझ्या मनातून गेले नाहीत. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या तरुणाला दिलेले उशिराचे उत्तर होय.

त्याच्या बोलण्यात दोन प्रश्न आहेत. पहिला शब्दाचा आहे : मॉडरेशन म्हणजे मवाळपणा काय? दुसरा न्यायाचा आहे : संयमाचा उपदेश गरिबाला करणे शोभते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट मिळाल्यावाचून दुसऱ्याचे मिळत नाही, म्हणून आरंभ शब्दापासूनच करू.

लॅटिन भाषेत ‘मोडुस’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ माप. त्यापासून इंग्रजीत एक मोठे कुटुंब निर्माण झाले. नमुना ह्या अर्थाचा मॉडेल, विनयशील ह्या अर्थाचा मॉडेस्ट, आणि आपला आजचा मॉडरेट, ही सारी त्याच घरची मुले. म्हणजे मुळात मॉडरेट माणूस हा कमी करणारा नव्हे, मऊ बोलणारा नव्हे, तर मापात राहणारा होय. त्याच अर्थाचा इंग्रजीतला दुसरा प्रतिष्ठित शब्द टेंपरन्स. त्याचे मूळ लॅटिनमध्ये ‘योग्य प्रमाणात मिसळणे’ ह्या अर्थाच्या धातूत आहे. पोलादाला टेंपर देणे हा प्रयोगही तेथूनच निघाला. आपला लोहार कोयत्याला पाणी देतो ते आपण पाहिले आहे. तापवून एकदम पाण्यात बुडविलेले पोलाद कडक होते खरे, पण ते ठिसूळही होते. पहिल्याच घावाला त्याचा तुकडा उडतो. म्हणून जाणता कारागीर त्याला पुन्हा बेताची आच दाखवितो. कडकपणा किंचित उतरतो, आणि त्या बदल्यात चिवटपणा येतो. टेंपरन्स ह्या शब्दाच्या पोटात हे सारे आहे. तो शब्द दुबळेपणाचा नव्हे, टिकाऊपणाचा आहे.

आता आपल्या भाषांकडे येऊ. संस्कृतात ‘मा’ म्हणजे मोजणे. मित, परिमित, मात्रा, प्रमाण ही सारी त्या एका धातूची संपत्ती. मितभाषी, मिताहारी, मितव्ययी हे शब्द आपण नित्य वापरतो. पण मित म्हणजे थोडे नव्हे, मित म्हणजे मोजलेले, हे आपण विसरून गेलो आहोत. वैद्य जेव्हा औषधाची मात्रा ठरवितो तेव्हा ती थोडी असावी एवढेच त्याच्या मनात नसते. ती पुरेशी असावी हेही असते. मात्रा कमी पडली तर रोग जात नाही. संयम हा शब्द ‘यम्’ म्हणजे आवरणे, ताब्यात ठेवणे, ह्यावरून आला. त्यात लगाम आहे. आणि लगाम हा घोडा उभा करून ठेवण्यासाठी नसतो, तो घोड्याला वाटेवरून नेण्यासाठी असतो.

मराठीने ह्या संस्कृत शब्दांबरोबर आपले घरगुती शब्दही घडविले. ‘माफक’ हा अरबीतून आलेला पाहुणा. मुळात त्याचा अर्थ जुळणारा, अनुकूल असा. जे प्रसंगाशी जुळते ते माफक. गुजराती बांधव ‘माफकसर’ आणि ‘मापसर’ असे दोन्ही शब्द वापरतात. अरबी जुळणे आणि आपले मोजणे ही दोन्ही कुळे त्यांच्या बोलण्यात सहज शेजारी नांदतात.

पण मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे तो आपला ‘बेत’. लग्नाचा बेत, जेवणाचा बेत, आणि बेताचे बोलणे, बेताचा खर्च! योजना आणि मर्यादा ह्या दोहोंना मराठीने एकच शब्द दिला. ज्याच्यापाशी योजना आहे त्यालाच मर्यादा कळते, असा ह्यातील भाव. शिंपी कापड ‘बेततो’, म्हणजे अंगाचे माप घेऊन मगच कात्री लावतो. ह्या कापडाच्या नगरीत मी ह्याहून अधिक काय सांगावे? अंगरखा तोकडा झाला तर तो बेतला असे कोणी म्हणत नाही, आणि घोळदार झाला तरीही म्हणत नाही. अंगाला बसला तरच तो बेतला.

येथवर वाट सरळ आहे. एकाही शब्दात भ्याडपणा नाही, एकाही शब्दात दुबळेपणा नाही. मग मॉडरेट म्हणजे मवाळ हे समीकरण आले कोठून? ह्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. तापीचा पूल ओलांडून सुरत शहरात गेले की पुरे.

१९०७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे २३ वे अधिवेशन सुरतेस भरले. ते मूळचे नागपुरास व्हावयाचे होते; मतभेद वाढल्यामुळे ते इकडे आणले गेले. सभेत तेव्हा दोन पक्ष पडले होते. एका बाजूस सर फिरोजशहा मेहता, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि नामदार गोखले. दुसऱ्या बाजूस लोकमान्य टिळक, अरविंद घोष आणि त्यांचे सहकारी. पहिल्या पक्षास इंग्रजीत मॉडरेट म्हणत. त्याला मराठीत दोन नावे होती. एक ‘नेमस्त’. ह्या शब्दात नेम आहे, नियम आहे; तो सन्मानाचा शब्द. दुसरे ‘मवाळ’. मृदूचे मऊ, मऊचे मवाळ. ह्या दुसऱ्या शब्दात मापाचा मागमूसही उरला नाही; उरला तो केवळ मऊपणा. आणि त्याच्यासमोर उभा राहिला ‘जहाल’, म्हणजे तिखट, उग्र. मिरची आणि विष ह्यांना लावावयाचे विशेषण! इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत गुजरातीनेही हीच मवाळ-जहाल जोडी स्वीकारली. परंतु गुजरातीत पहिल्या पक्षाला ‘विनीत’ असाही एक शब्द रूढ झाला. एकाच इंग्रजी शब्दाची ही तीन भाषांतरे पाहा : नेमस्त म्हटले की शिस्त दिसते, विनीत म्हटले की नम्रता दिसते, मवाळ म्हटले की दुबळेपणा दिसतो. माणसे तीच, शब्द निवडला की निवाडाही झालाच.

ह्या शब्दांचे सापेक्षत्व खुद्द टिळकांनी ओळखले होते, हे येथे अवश्य सांगितले पाहिजे. सुरतेच्या आधी वर्षभर, २ जानेवारी १९०७ रोजी, कलकत्त्याच्या व्याख्यानात त्यांनी असे प्रतिपादन केले की ह्या दोन नावांचा संबंध काळाशी आहे. आजचे मवाळ काल जहाल होते, आणि आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील. म्हणजे आपल्या विरोधकांच्या अंगी मऊपणा जन्मजात आहे असे त्यांना म्हणावयाचे नव्हते.

आता त्या दोन दिवसांकडे वळू. २६ डिसेंबरला फ्रेंच गार्डनमधील मंडपात सुरेंद्रनाथ अध्यक्षांच्या नावाला अनुमोदन देण्यास उठले आणि एवढा गोंगाट झाला की सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी रासबिहारी घोष अध्यक्षस्थानी बसले. सभा तहकूब करण्याची सूचना मांडण्यासाठी टिळकांनी स्वागताध्यक्षांकडे आधीच चिठ्ठी पाठविली होती. तिचे उत्तर आले नाही. ते व्यासपीठावर गेले आणि बोलण्याचा आपला हक्क मागत हाताची घडी घालून उभे राहिले. इतक्यात खालून एक मराठी जोडा भिरभिरत आला, सुरेंद्रनाथांना लागला आणि तेथून फिरोजशहांवर आदळला. मग काठ्या निघाल्या, खुर्च्या उडाल्या, आणि २२ वर्षांची संस्था घटकाभरात दुभंगली.

नेव्हिन्सन नावाचे एक इंग्रज पत्रकार तेथे हजर होते. त्यांनी १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात ह्या प्रसंगाचे वर्णन केले आहे. त्यात एक दृश्य आहे, ते मला जोड्यापेक्षा फार महत्त्वाचे वाटते. टिळकांना व्यासपीठावरून ओढण्यासाठी काही तरुण धावून आले, तेव्हा एक गृहस्थ त्यांच्या शेजारी दोन्ही बाहू पसरून, त्यांना वाचविण्यासाठी उभे राहिले. ते गृहस्थ म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले होत. ज्यांना आपण मवाळ म्हणतो ते! दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले, दोघेही पुण्यास एकाच शिक्षणसंस्थेत शिक्षक होते, दोघांनीही गणित शिकविलेले. आणि वीस वर्षांच्या मतभेदांमुळे दोघांत फारच अंतर पडलेले. त्या गदारोळात एकाने हात बांधून मार खाण्याची तयारी दाखविली आणि दुसऱ्याने हात पसरून तो मार आपल्या अंगावर घेण्याची तयारी दाखविली. माझ्या तरुण मित्राला मी विचारतो : ह्या दोहोंत मवाळ कोण? मला तर त्या क्षणी दोघेही मापात दिसतात. मापाबाहेर गेला तो जमाव.

ह्या फुटीची किंमत देशाने मोजली. पुढच्याच वर्षी, २२ जुलै १९०८ रोजी, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेस गेले. गोखल्यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. दुभंगलेल्या राष्ट्रीय सभेला दोघांपैकी एकाच्याही पाठीशी पूर्ण बळाने उभे राहता आले नाही. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले, तेव्हा टिळकांनी स्मशानात त्यांच्या गौरवाचे भाषण केले. दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र आले ते १९१६ च्या डिसेंबरात, लखनौस. तोवर नऊ वर्षे निघून गेली होती.

टेंपरन्स ह्या शब्दाचा प्रवास थोडा वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकात विलायतेत दारूविरुद्ध चळवळ झाली. आरंभी तिचा रोख कडक मद्यावर होता. हळूहळू तो सर्व मद्यावर गेला, आणि ज्या शब्दाचा अर्थ प्रमाण असा होता त्याचा अर्थ संपूर्ण वर्ज्यता असा झाला. आपल्याकडेही ह्या जिल्ह्यात असेच घडले, पण ते कोणा विलायती मंडळीच्या उपदेशाने नव्हे. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतून देवीचा एक पंथ निघाला आणि वर्ष संपता संपता सुरत जिल्ह्याच्या आदिवासी गावांत पोहोचला. ज्यांच्या अंगात देवी येई ते बोलत : दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा. हजारो माणसांनी ते ऐकले. १८७८ चा अबकारी कायदा आणि १८९२ चा मोहाच्या फुलांचा कायदा ह्यांनी घरची दारू बंद करून त्यांना गुत्त्याच्या दारात उभे केले होते. गुत्त्याचे कर्ज, कर्जापायी जमीन, आणि जमिनीपायी वेठ, अशी ती साखळी होती. अशा वेळी मोजून पिणे शक्य नव्हते, कारण माप दुसऱ्याच्या हातात होते. म्हणून त्यांनी प्यालाच खाली ठेवला, आणि त्याबरोबर गुत्तेदारावर बहिष्कारही घातला. डेव्हिड हार्डिमन ह्या इतिहासकाराने ह्या चळवळीचा सविस्तर अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला आहे. ह्यातून एक गोष्ट निष्पन्न होते ती ही की, मर्यादा जेव्हा माणूस स्वतः घालून घेतो तेव्हा ती दास्य नसते. ती दास्यातून सुटण्याची पहिली पायरीही असू शकते.

आता मी आपल्याला शास्त्रातले एक उदाहरण देतो. येथून सुमारे ८० किलोमीटरांवर, ह्याच तापीच्या काठी, काकरापार येथे अणुवीज केंद्र आहे. १९९३ पासून तेथे व्यापारी तत्त्वावर वीज निघते. ७०० मेगावॉटच्या दोन नव्या भट्ट्या २०२३ व २०२४ साली व्यापारी उत्पादनात आल्या. तेथे जड पाण्याचा उपयोग ‘मॉडरेटर’ म्हणून होतो. मराठीत त्यास मंदायक म्हणतात. युरेनियमचा अणू फुटला की त्यातून न्यूट्रॉन सेकंदाला हजारो किलोमीटरांच्या वेगाने निघतात. एवढ्या वेगाचा न्यूट्रॉन नैसर्गिक युरेनियममध्ये पुढचा अणू क्वचितच फोडतो, म्हणून साखळी चालत नाही. जड पाण्यात ठेचकाळत त्याचा वेग सेकंदाला सुमारे २ किलोमीटरांवर आला की मग तो दुसरा अणू फोडण्यास समर्थ होतो. न्यूट्रॉन गिळून भट्टी आवरणारी साधने वेगळी असतात. मंदायक न्यूट्रॉन गिळत बसत नाही, तो त्याला कामाच्या वेगावर आणतो. मंदायक काढून घ्या, भट्टी भडकणार नाही, ती विझेल! दमन आणि संयम ह्यांतला भेद ह्याहून स्पष्ट मला कोणी दाखविलेला नाही. दमन शक्ती खाऊन टाकते. संयम शक्तीला कामास लावतो.

येथे आपण दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि तो अधिक कठीण आहे. ज्याला कधी पुरेसे मिळाले नाही त्याला मापाचा उपदेश का करावा?

गीतेच्या सहाव्या अध्यायातील सोळावा आणि सतरावा हे श्लोक आपण अनेकांनी पाठ केले आहेत. परंतु ते वाचताना आपण अर्धेच वाचतो. फार खाणाऱ्याला योग साधत नाही हे आपण लक्षात ठेवतो. मुळीच न खाणाऱ्यालाही तो साधत नाही, हे त्याच श्लोकात तितक्याच जोराने सांगितले आहे. अतिनिद्रा जशी वर्ज्य तसेच अतिजागरणही वर्ज्य. पुढच्या श्लोकात आहार-विहाराबरोबर कर्माचेही माप आले आहे. ‘युक्त’ हा तेथला शब्द. युक्त म्हणजे जुळलेले, जोडलेले. ह्याच ठिकाणी ज्ञानेश्वर महाराजांनी भाष्य करताना माप ही कल्पना स्पष्टपणे पुढे ठेवली आहे : अन्न मापाने, बोलणे मोजके, पावले मोजकी, आणि झोपेलाही तिच्या वेळी तिचा मान. झोपेचा मान! हा शब्दप्रयोग केवळ आळशाला उद्देशून नाही. ज्याची झोप हिरावली गेली आहे त्याच्या बाजूनेही तो उभा आहे.

तेव्हा, माझ्या मित्रा, तुझी बारा तासांची रात्रपाळी ही युक्त नव्हे. ती मापाबाहेरची आहे, आणि ते माप तू मोडलेले नाहीस. संयमाचा उपदेश जर केवळ ताटात कमी असलेल्याला केला आणि ताट वाढणाऱ्याला केला नाही, तर तो धर्म नव्हे, ती सोय होय. जैन बांधव गृहस्थाला जे परिग्रहपरिमाणाचे व्रत सांगतात त्याचा रोख मुख्यतः धनवानाकडे आहे : आपल्यापाशी किती असावे ह्याची रेघ त्याने स्वतः आखावयाची असते. जो काम देतो त्याच्यावर नफ्याचे माप बंधनकारक, आणि जो काम करतो त्याला विश्रांतीचे माप हक्काचे. असे दोन्ही बाजूंनी मोजले तरच ते माप. एका बाजूने मोजले तर तो मापात पाप करण्याचा प्रकार.

आणि भांडण करावयाचे झाले तर? करावे. मॉडरेशन म्हणजे न भांडणे नव्हे, हे १९२२ च्या आदिवासींनी दाखविले. हात बांधून उभ्या राहिलेल्या टिळकांनी दाखविले. हात पसरून उभ्या राहिलेल्या गोखल्यांनीही दाखविले. आपल्या हक्काचे मागावे, ठामपणे मागावे, एकवटून मागावे. फक्त जोडा हातात घेऊ नये. जोडा फेकला की मागणे विसरले जाते आणि जोडाच लक्षात राहतो. सुरतेला काय मागितले होते हे आज शंभरांतल्या पाचांना सांगता येणार नाही. जोडा मात्र सर्वांना ठाऊक आहे.

ज्या तापीच्या काठी आपण बसलो आहोत, तिचेच अखेरचे स्मरण करून मी थांबतो. आपल्यापैकी पुष्कळजण खानदेशातून आले आहेत. ही नदीही तिकडूनच येते. २००६ च्या ऑगस्टमध्ये तिने ह्या शहरात काय केले ते आपल्यातल्या वडील मंडळींनी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि आटलेल्या तापीचे दुःख खानदेशच्या शेतकऱ्याला सांगावयास नको. पुराची तापी नको, आटलेली तापीही नको. काठाकाठाने भरून वाहणारी तापी हवी. काठ नदीला अडवीत नाहीत, ते तिला नदीपण देतात. मॉडरेशन ह्या शब्दाला माझ्यापुरता मी हाच मराठी प्रतिशब्द योजला आहे : काठ.

तो तरुण आज सभेत आहे की पाळीवर आहे हे मला ठाऊक नाही. पाळीवर असल्यास कोणीतरी हा निरोप त्याला पोहोचवावा. आणि निरोप ऐकण्यापूर्वी त्याला थोडे झोपू द्यावे.